इम्पॅक्ट फॅक्टर ७.८ की १.९? आधी अंश आणि छेद बघा

प्रश्न थोडक्यात असा. विचारणारे जिल्ह्याच्या ठिकाणी एका वरिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवतात. पेपर लिहून तयार आहे. एका जर्नलच्या वेबसाइटवर ठळक अक्षरांत ‘इम्पॅक्ट फॅक्टर ७.८’ (जर्नलमधल्या लेखांचा सरासरी किती वेळा संदर्भ दिला गेला तो आकडा) लिहिलंय आणि दहा दिवसांत छापून देऊ असं आश्वासन आहे. दुसऱ्या जर्नलचा आकडा १.९ आहे आणि तिथे सहा-आठ महिने सहज जातील. कॅसची, म्हणजे प्राध्यापकांच्या बढतीच्या योजनेची, फाईल पुढच्या वर्षी द्यायची आहे. पेपर कुठे पाठवावा? हा आकडा मुळात काढतात कसा? आणि मराठी विभागातल्या सहकारी बाईंनी काय करावं, त्यांच्या विषयाच्या नियतकालिकांना तर असा आकडाच नसतो?

सर, पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: १.९ वाल्याकडे पाठवा. माझी बहुतेक नोकरी विद्यापीठाच्या ग्रंथालयात जर्नलांचा विभाग सांभाळण्यात गेली, आणि दहा दिवसांत तज्ज्ञांकडून परीक्षण करून छापणारं, खरोखर ७.८ इम्पॅक्ट फॅक्टर असलेलं रसायनशास्त्राचं जर्नल माझ्या पाहण्यात आलेलं नाही. तुमच्या विषयात ७.८ हा चांगलाच मोठा आकडा आहे. अमेरिकन केमिकल सोसायटीचं मुख्य जर्नल, ज्याला आपण सगळे ‘जॅक्स’ म्हणतो, ते पंधराच्या आसपास असतं. त्याच्या निम्म्यावर पोचलेल्या जर्नलला लेखकांच्या इनबॉक्समध्ये निमंत्रणं पाठवत बसावं लागत नाही.

मोह कुठून येतो हेही मला माहीत आहे. यूजीसीच्या २०१८च्या नियमावलीत संशोधनाच्या गुणांचं कोष्टक आहे. पेपरच्या मूळ गुणांवर मिळणारे वाढीव गुण असे: इम्पॅक्ट फॅक्टर नसलेल्या परीक्षित जर्नलमधल्या पेपरला ५ गुण, एकच्या खाली असेल तर १०, एक ते दोनमध्ये १५, दोन ते पाचमध्ये २०, पाच ते दहामध्ये २५ आणि दहाच्या वर ३०. म्हणजे तुमच्या समोरच्या दोन जर्नलांत कागदावर सरळ दहा गुणांचा फरक दिसतो. पण त्याच कोष्टकात कंसात एक अट आहे, ती वाचायची राहून जाते: इम्पॅक्ट फॅक्टर थॉमसन रॉयटर्सच्या यादीप्रमाणे धरायचा. (गंमत म्हणजे थॉमसन रॉयटर्सने हा व्यवसाय २०१६ मध्येच विकला होता. तेव्हापासून ती यादी क्लॅरिव्हेट नावाची कंपनी काढते. नियमावलीत नाव जुनंच राहिलं.) दुसऱ्या कुणी दिलेल्या ‘फॅक्टर’ला या कोष्टकात जागाच नाही. ‘ग्लोबल’, ‘इंटरनॅशनल’, ‘सायंटिफिक’ असलं काहीतरी पुढे लावून पैसे घेऊन आकडे वाटणारी दुकानं बरीच आहेत. तुमचा ७.८ अशाच एखाद्या दुकानातला असावा.

आता मोजणी. युजीन गारफील्ड यांनी १९५५ मध्ये ‘सायन्स’मध्ये लेख लिहून अशी कल्पना मांडली, की कोणत्या लेखाने कोणत्या जुन्या लेखाचा संदर्भ दिला याची सूची केली तर विज्ञानातला एक धागा शोधत पुढे जाता येईल. पुढे त्यांनी फिलाडेल्फियात संस्था काढली आणि १९६०च्या दशकात सायन्स सायटेशन इंडेक्स सुरू झाला. हजारो जर्नलांतून सूचीत कोणती घ्यायची हा प्रश्न होता. नुसती सायटेशन, म्हणजे मिळालेले संदर्भ, मोजली तर जास्त पानं छापणारी मोठी जर्नलंच वर येणार. म्हणून गारफील्ड आणि त्यांचे सहकारी आयर्विंग शेर यांनी सायटेशनला लेखांच्या संख्येने भागायचं ठरवलं. १९७५ पासून हे आकडे जर्नल सायटेशन रिपोर्ट्स नावाने दरवर्षी निघू लागले. ग्रंथपालांनी वर्गणी कुठल्या जर्नलची ठेवावी, कुठली बंद करावी, यासाठी ते सोयीचे होते. मी स्वतः त्यासाठीच वापरले आहेत. प्राध्यापकाची बढती त्यावर ठरेल हे त्या भागाकाराच्या गावीही नव्हतं.

भागाकार असा. एखाद्या जर्नलने २०२२ मध्ये ४० आणि २०२३ मध्ये ६० लेख छापले असं धरू. २०२४ मध्ये सूचीतल्या सगळ्या जर्नलांनी मिळून या दोन वर्षांतल्या मजकुराचा १९० वेळा संदर्भ दिला. १९० भागिले १००, म्हणजे १.९. हा २०२४चा इम्पॅक्ट फॅक्टर, आणि तो जाहीर होतो २०२५च्या जून महिन्यात.

इतकं साधं गणित, पण अंश आणि छेद एकाच मापाने घेतलेले नाहीत. छेदात फक्त संशोधन लेख आणि आढावा लेख धरतात. संपादकीय, पत्रं, बातम्या, टिपणं छेदात येत नाहीत. अंशात मात्र त्यांना मिळालेली सायटेशनसुद्धा मोजली जातात. त्यामुळे ज्या जर्नलात पुढचा अर्धा भाग मासिकासारखा असतो, त्याला आयता फायदा मिळतो. २००६ मध्ये ‘प्लॉस मेडिसिन’च्या संपादकांनी याबद्दल उघडपणे लिहिलं. आपल्या जर्नलचा कोणता मजकूर छेदात धरायचा यावर त्यांची आकडे काढणाऱ्या कंपनीशी बोलणी चालू होती, आणि उत्तर काय येईल त्यावर त्यांचा आकडा तीनच्या खालपासून अकरापर्यंत कुठेही जाऊ शकत होता. जर्नल तेच, अंक तेच, लेख तेच.

दुसरं उदाहरण याहून बोलकं आहे. एल्सेव्हियर या प्रकाशन कंपनीने डिसेंबर २०१६ मध्ये स्कोपस या आपल्या सायटेशन-सूचीच्या माहितीवर आधारलेला साइटस्कोअर आणला. तेव्हाच्या पद्धतीत छेदात सगळं धरलं होतं, पत्रं आणि संपादकीयांसकट. ‘द लॅन्सेट’चा इम्पॅक्ट फॅक्टर तेव्हा ४४ होता, साइटस्कोअर आठच्याही खाली आला. लॅन्सेट दर आठवड्याला डॉक्टरांची पत्रं आणि टिपणं भरभरून छापतं, एवढंच त्याचं कारण. २०२० मध्ये साइटस्कोअरची पद्धत बदलली. आता चार वर्षांत छापलेल्या परीक्षित मजकुराला त्याच चार वर्षांत मिळालेली सायटेशन मोजतात. म्हणून कुणी ‘आमचा साइटस्कोअर ३.४’ म्हणालं, तर तो इम्पॅक्ट फॅक्टर ३.४ च्या शेजारी ठेवून तुलना करू नका. खिडकी (म्हणजे किती वर्षांचा मजकूर मोजायचा ती मुदत) वेगळी, सूची वेगळी, छेद वेगळा.

तिसरी गोष्ट सरासरीची, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची. सायटेशनची वाटणी कधीच सारखी नसते. थोडे लेख बहुतेक सायटेशन ओढून नेतात, बाकीच्यांच्या वाट्याला दोन-चार येतात किंवा काहीच येत नाही. नॉर्वेचे पेर सेगलेन यांनी १९९०च्या दशकात दाखवलं, की जर्नलातले सर्वाधिक उद्धृत १५ टक्के लेख एकूण सायटेशनपैकी निम्मी घेऊन जातात. २०१६ मध्ये काही नामांकित जर्नलांच्या सायटेशनची वाटणी तपासली, तेव्हा ‘नेचर’ आणि ‘सायन्स’मधल्या सुमारे तीन-चतुर्थांश लेखांना त्या जर्नलच्या इम्पॅक्ट फॅक्टरपेक्षा कमी सायटेशन होती. वर्गात एक कोट्यधीश येऊन बसला की सगळ्यांचं सरासरी उत्पन्न वाढतं, तसलाच हा प्रकार.

याचं टोकाचं उदाहरण तुमच्या विषयाच्या अगदी शेजारचं आहे. स्फटिकशास्त्राच्या ‘अॅक्टा क्रिस्टलोग्राफिका’च्या ‘ए’ विभागाचा इम्पॅक्ट फॅक्टर २००८ मध्ये दोनच्या आसपास होता. २००९ मध्ये तो जवळपास ५० झाला, नेचरच्याही वर. झालं काय होतं? जॉर्ज शेल्ड्रिक यांनी २००८ मध्ये शेलएक्स या संगणक-प्रणालीचा इतिहास सांगणारा लेख तिथे छापला, आणि प्रणाली वापरणाऱ्यांनी या लेखाचा संदर्भ द्यावा असं सुचवलं. स्फटिकाची रचना सोडवणारे जगभरचे लोक शेलएक्स वापरतात. हजारो सायटेशन एकाच लेखाला मिळाली. दोन वर्षांची खिडकी पुढे सरकली आणि आकडा पुन्हा दोनवर आला. त्या काळात त्याच जर्नलात दुसरा लेख छापणाऱ्याला कोष्टकाने ३० गुण दिले असते. वर्षभर आधी किंवा तीन वर्षांनी छापला असता तर १५ किंवा २०.

कोविडच्या काळातही हेच झालं. २०२१चा लॅन्सेटचा आकडा दोनशेच्या वर गेला, दोन वर्षांत तो पुन्हा शंभराच्या खाली आला. त्या दोन वर्षांत परीक्षकांची नजर दुप्पट तीक्ष्ण आणि मग निम्मी झाली असं काही घडलेलं नाही.

विषयांची तुलना तर करूच नये. ‘अॅनल्स ऑफ मॅथेमॅटिक्स’ हे गणितातल्या अगदी वरच्या दोन-चार जर्नलांतलं एक. त्याचा आकडा पाचच्या आसपास घोटाळतो. जीवशास्त्रातलं ‘सेल’ चाळीसच्या वर. गणितज्ञ कमी, त्यांच्या लेखाखाली संदर्भ थोडे, आणि एखादा सिद्धांत वापरात यायला दहा वर्षं लागू शकतात. दोन वर्षांच्या खिडकीत त्याचा बराचसा प्रभाव मावतच नाही. पेशीजीवशास्त्रात पन्नास-साठ संदर्भ देतात आणि तेही ताजे. आपलं यूजीसीचं कोष्टक मात्र दोघांनाही एकाच पट्टीने मोजतं. तुमच्या कॉलेजातल्या गणिताच्या सरांना हे सांगायची गरज नाही, त्यांनी ते सोसलंय.

एकाच विषयातही प्रकार बघावा लागतो. ‘केमिकल रिव्ह्यूज’चा आकडा पन्नासच्या वर दिसतो, कारण ते फक्त आढावा लेख छापतं, आणि प्रस्तावना लिहिताना जो तो आढावा लेखाचाच संदर्भ देतो. ‘सीए’ नावाचं कर्करोगाचं अमेरिकन जर्नल कधीकधी पाचशेच्याही वर जातं. त्यात दरवर्षी कर्करोगाची आकडेवारी छापून येते आणि कर्करोगावरच्या असंख्य पेपरांचं पहिलं वाक्य तिथूनच घेतलेलं असतं.

हे दोष लक्षात आल्यावर दुसरी मापं आली. त्यांच्यावर फार वेळ घालवत नाही. स्पेनमधल्या साइमॅगो गटाचं एसजेआर हे सायटेशन कुणाकडून आलं त्याला वजन देतं; गूगल पानांची क्रमवारी लावतं त्याच धाटणीचं. वॉशिंग्टन विद्यापीठातल्या बर्गस्ट्रॉम आणि वेस्ट यांचं आयगनफॅक्टरही त्याच कुळातलं. लायडनच्या हेंक मूड यांनी काढलेलं स्निप विषयागणिक संदर्भ देण्याची सवय लक्षात घेऊन आकडा सुधारून घेतं, म्हणून दोन विषयांची तुलना करायचीच असेल तर त्यातल्या त्यात ते बरं. एच-इंडेक्स हा मुळात व्यक्तीसाठी होता, हर्श यांनी २००५ मध्ये मांडलेला. पुढे गूगल स्कॉलरने तो जर्नलांना लावला. ‘क्यू-वन’, ‘क्यू-टू’ जे आपण ऐकतो ते म्हणजे विषयातल्या जर्नलांची आकड्यानुसार उतरंड लावून केलेले चार भाग. मला विचाराल तर नुसत्या आकड्यापेक्षा क्यू जास्त कामाचा, कारण तो निदान विषयाच्या आत राहतो. मात्र एकच जर्नल दोन विषयांत नोंदलेलं असेल तर एकात क्यू-टू आणि दुसऱ्यात क्यू-थ्री असू शकतं. शिवाय साइमॅगोचा क्यू आणि क्लॅरिव्हेटचा क्यू हे दोन वेगळे. फाईलमध्ये लिहिताना कुणाचा ते लिहा.

आकड्यावर पैसा आणि बढती टांगली की माणसं आकडा वाढवायच्या मागे लागतात, हे फक्त आपल्याकडचं दुखणं नाही. ब्राझीलमध्ये पदव्युत्तर विभागांचं मूल्यमापन जर्नलांच्या इम्पॅक्ट फॅक्टरशी जोडलेलं होतं. तिथल्या काही वैद्यकीय जर्नलांच्या संपादकांनी आपसात ठरवून एकमेकांच्या गेल्या दोन वर्षांच्या लेखांचे संदर्भ देणारे लेख छापले. २०१३ मध्ये ते उघडकीला आलं आणि चार जर्नलांचे आकडे रोखले गेले. २०१२ मध्ये ‘सायन्स’मध्ये एक पाहणी आली होती. तिच्यात उत्तर देणाऱ्या दर पाचातल्या एका लेखकाने सांगितलं, की संपादकाने कारण न देता आमच्याच जर्नलचे संदर्भ वाढवा अशी अट घातली होती. तुम्हाला परीक्षणानंतर असं पत्र आलं, तर नेमका कोणता लेख आणि का, असं नम्रपणे विचारा. खरं कारण असलं तर सांगतील.

क्लॅरिव्हेट अधूनमधून साफसफाई करते. मार्च २०२३ मध्ये जवळपास पन्नास जर्नलं सूचीतून काढली, त्यांत वर्षाला हजारो लेख छापणारी मोठी नावं होती. २०२५ मध्ये जाहीर झालेल्या आकड्यांपासून मागे घेतलेल्या लेखांना मिळालेली आणि त्यांनी दिलेली सायटेशन अंशात धरणं बंद केलं. आणखी एक बदल लक्षात ठेवा: २०२३ पासून दशांशचिन्हानंतर एकच अंक देतात, पूर्वी तीन देत. त्यामुळे २०२४ सालचा म्हणून कुणी ‘७.८३२’ दाखवला तर तो क्लॅरिव्हेटचा नाही हे तिथल्या तिथे कळतं.

तपासायचं कसं, तर जर्नलच्या वेबसाइटवर विश्वास न ठेवता उलट्या दिशेने जा. क्लॅरिव्हेटची मास्टर जर्नल लिस्ट फुकट बघता येते. तिथे जर्नलचा आयएसएसएन हा ओळख क्रमांक टाका. जर्नल तिथे नसेल तर त्याला इम्पॅक्ट फॅक्टर असूच शकत नाही, विषय संपला. स्कोपसची जर्नलांची यादी आणि साइमॅगोही फुकट आहेत. स्कोपसमध्ये नाव सापडलं तरी कुठल्या वर्षापर्यंत घेतलंय ते बघा. मधेच बंद केलेली जर्नलं वेबसाइटवर ‘स्कोपस इंडेक्स्ड’ लिहून वर्षानुवर्षं बसलेली असतात. मग यादीतूनच जर्नलच्या वेबसाइटवर जा, गूगलवरून नाही. कारण खऱ्या जर्नलचं नाव आणि आयएसएसएन चोरून खोटी वेबसाइट काढायचा धंदाही आहे. ऑस्ट्रियातल्या ‘वुल्फेनिया’ या वनस्पतिशास्त्राच्या जुन्या जर्नलच्या नावाने असा प्रकार झाला, आणि पैसे भरणाऱ्या लेखकांचे पेपर खऱ्या अंकात कधी आलेच नाहीत. नुसता आयएसएसएन असणं हा दर्जाचा पुरावा नव्हे. तो ओळख क्रमांक आहे, मागितला की मिळतो.

यूजीसीची यादी असली की हे सगळं करावं लागत नसे, असं तुम्ही म्हणाल. तिचा इतिहास फार आश्वासक नाही. २०१७च्या मान्यताप्राप्त यादीत विद्यापीठांनी शिफारस केलेली जर्नलं मोठ्या प्रमाणात शिरली. भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी त्यातली जर्नलं तपासून २०१८ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये लिहिलं, की विद्यापीठांकडून आलेल्या आणि कुठल्याही सूचीत नसलेल्या जर्नलांपैकी ८८ टक्क्यांहून जास्त निकृष्ट असू शकतात. त्याच वर्षी मे महिन्यात यूजीसीने ४,३०५ जर्नलं एका झटक्यात काढली. मग यूजीसीची केअर नावाची नवी यादी आली. तिचं काम सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातून चाले, म्हणून पुण्याकडच्या लोकांना ती जास्त परिचयाची. फेब्रुवारी २०२५ मध्ये यूजीसीने तीही बंद केल्याचं जाहीर केलं आणि निकषांची यादी देऊन निर्णय संस्थांवर सोडला. म्हणजे आता तुमच्या विद्यापीठाचा ठराव काय म्हणतो ते आधी बघा, मगच पेपर पाठवा.

मराठीच्या बाईंचा प्रश्न सगळ्यात अवघड, आणि त्याचं सोपं उत्तर माझ्याकडे नाही. ‘भाषा आणि जीवन’, ‘समाज प्रबोधन पत्रिका’, ‘नवभारत’, धुळ्याच्या राजवाडे मंडळाचं ‘संशोधक’ ही नियतकालिकं मराठीत विचार करणाऱ्यांनी पिढ्यान्पिढ्या वाचली आहेत. पण सायटेशन मोजायचं तर संदर्भ देणारं आणि संदर्भ मिळवणारं, दोन्ही सूचीत हवीत. मराठी लेखाचा संदर्भ मराठी लेखात किंवा मराठी पुस्तकात येतो, आणि ते पुस्तक कुठल्याच सूचीत नसतं. त्यामुळे या नियतकालिकांचा प्रभाव शून्य दिसतो, खरं तर तो मोजलाच गेलेला नसतो. २०२३ पासून क्लॅरिव्हेटने कला आणि मानव्यविद्यांच्या जर्नलांनाही इम्पॅक्ट फॅक्टर द्यायला सुरुवात केली, पण मुळात सूचीत असलेल्यांनाच. बाईंना एवढंच सुचवेन: कोष्टकात वाढीव गुण फारसे नसले, तरी भाषा आणि मानव्यविद्यांच्या पेपरला मूळ १० गुण आहेत, विज्ञानाच्या ८ पेक्षा जास्त. ते सोडू नयेत. शिवाय आपल्या लेखाचा संदर्भ कुठल्या पुस्तकात, कुठल्या प्रबंधात आला, कुठल्या अभ्यासक्रमात तो लावला, याची नोंद स्वतः ठेवावी आणि मुलाखतीच्या वेळी समितीपुढे पानांच्या प्रतींसह ठेवावी. २०१३चा सॅन फ्रान्सिस्को जाहीरनामा आणि २०१५चा लायडन जाहीरनामा दोन्ही हेच सांगतात, की लेखाचं मोल जर्नलच्या आकड्यावरून ठरवू नये. लायडनच्या जाहीरनाम्यात तर स्थानिक भाषांतल्या संशोधनाला जपण्याचा स्वतंत्र मुद्दा आहे. समितीत कुणी जाणकार असेल तर त्याचा उपयोग होतो.

तुमच्यापुरतं, सर: १.९ हाही खरा आहे का, आणि तुमच्या उपविषयात ते जर्नल कुठल्या चतुर्थांशात बसतं, हे मास्टर जर्नल लिस्ट आणि साइमॅगोवर बघून घ्या. नंतर त्याचे गेल्या वर्षीचे दोन अंक काढून वाचा. तुम्ही ज्यांचे संदर्भ दिलेत ती माणसं तिथे लिहितात का? लिहीत असतील तर जागा बरोबर आहे. सहा-आठ महिन्यांची चिंता असेल तर आजच पाठवा, आणि स्वीकृतीचं पत्र चालतं का ते तुमच्या विद्यापीठाला एकदा विचारून घ्या. पेपर छापून आला की त्या दिवशीच यादीतल्या नोंदीचं तारखेसह प्रिंटआउट काढून फाईलला लावा, आणि आकड्यापुढे साल लिहा. जूनमध्ये आकडा बदलतो, आणि फाईल तपासणारा ज्या दिवशी वेबसाइट उघडेल त्या दिवशी तिथे १.९ असेलच असं नाही.